निम्म्या किमतीचा इपॉक्सीचा डबा

दोनापावलाच्या किनाऱ्यावर विंडसर्फिंग (शिड लावलेल्या बोर्डावर उभे राहून वाऱ्याच्या जोरावर पाण्यावरून जाणे) करणाऱ्या मित्रांसाठी मी फायबरच्या फिन, म्हणजे बोर्डाच्या तळाला बसणारी पाती, बनवतो. गेल्या उन्हाळ्यात एका विक्रेत्याने लॅमिनेशनचे (काचेच्या कापडाचे थर एकमेकांना चिकटवण्याचे) इपॉक्सी म्हणून पाच किलो रेझिन, म्हणजे चिकट द्रव, आणि ते घट्ट करणारे हार्डनर मला जवळजवळ निम्म्या किमतीत दिले. माल मोठ्या ड्रममधून काढलेला होता. डब्यावर उत्पादकाचे नाव नव्हते, बॅच क्रमांक नव्हता आणि पावतीही कच्ची होती.

शुद्ध इपॉक्सी मधासारखे दाट असते. लॅमिनेशनसाठी ते काहीसे पातळ करतात हे खरे, पण हे रेझिन रॉकेलसारखे वाहत होते आणि त्याला थिनरचा वासही होता. काचेचे कापड झटकन भिजते आहे, या समाधानात मी दोन्ही खुणांकडे दुर्लक्ष केले.

वाऱ्याने शिडावर टाकलेला आडवा जोर पाण्यात फिनला पेलावा लागतो, त्यामुळे ती मुळाशी ताठ हवी. माझ्या सहा फिनांवर मात्र आठवड्यानंतरही नखाचा ओरखडा उमटत होता आणि उन्हात उभ्या गाडीत एकमेकींवर ठेवलेल्या दोन चक्क वाकल्या. तक्रार केली तेव्हा विक्रेत्याने प्रथम गोव्याच्या दमट हवेला दोष दिला आणि मग सल्ला दिला, “पुढच्या वेळी हार्डनर थोडे वाढवा.”

असा सल्ला देणाऱ्यापासून कृपया दूर राहा. पॉलिस्टर या दुसऱ्या प्रकारच्या रेझिनमध्ये एक-दोन टक्के घातलेले कॅटॅलिस्ट केवळ घट्ट होण्याची प्रक्रिया सुरू करते, म्हणून तेथे प्रमाण थोडे बदलून वेग कमी-जास्त करता येतो. इपॉक्सीत मात्र हार्डनर स्वतःच घट्ट झालेल्या साखळीचा भाग बनते, त्यामुळे ठरलेल्या वजनापेक्षा जास्त घातलेले तसेच उरते आणि फिन अधिकच मऊ पडते.

त्या रात्री मी उथळ ताटलीत हार्डनर न मिसळता 100 ग्रॅम रेझिन ओतून ठेवले, शेजारी सीलबंद डब्यातले तेवढेच ठेवले. सकाळी सीलबंद डब्यातल्याचे वजन तेच होते. माझ्या डब्यातले 88 ग्रॅम भरले. बाकीचे थिनर होते, उडून गेले. हे सांगितल्यावर विक्रेत्याने माझा फोन घेणे बंद केले.

सहाही फिन मी कापून टाकल्या, कारण वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असताना फिन तुटली, तर बोर्डावरच्या माणसाला किनाऱ्याकडे वळताच येत नाही. असा बिननावाचा डबा वापरून कोणी फिन आधीच बनवली असेल, तर ती घेऊन पाण्यात उतरू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.