आरएक्स १०० चे पुढचे शॉकअप लालबागला करून घेतले, त्याबद्दल

ज्यांच्याकडे अजून जुनी यामाहा आरएक्स १०० आहे त्यांच्यासाठी मुद्दाम लिहितोय, कारण पुढच्या शॉकअपचं काम मन लावून करणारा माणूस मुंबईत पटकन सापडत नाही. सील (शॉकअपमधलं ऑईल बाहेर येऊ न देणारी रबरी रिंग) बदलून देणारे गल्लोगल्ली आहेत. सील का फाटतोय ते बघणारे फार कमी.

माझी गाडी ९४ ची, म्हणजे कंपनीने मॉडेल बंद केलं त्याच्या दोनच वर्षं आधीची. वरळीला बिल्डिंगखाली उघड्यावर उभी असते, समुद्राची खारी हवा आणि वरून चार महिने पाऊस, त्यामुळे डाव्या शॉकअपमधून ऑईल गळायला लागलं. घराजवळच्या एका गॅरेजमध्ये सील टाकून घेतला, थोडे दिवस बरं होतं, मग परत ऑईल खाली उतरून पार चाकातल्या ब्रेकच्या ड्रमपर्यंत. परत सील, परत गळती. पुढचा ब्रेक ड्रमचा आहे, ऑईल आत लायनरला लागलं तर भर ट्रॅफिकमध्ये ब्रेक पकडणारच नाही, म्हणजे हे नुसतं दिसायला वाईट एवढ्यावर थांबत नाही.

मग एका मित्राने लालबागच्या एका मेकॅनिक काकांकडे पाठवलं. बोर्ड वगैरे काही नाही, एका गाडीपुरती जागा आणि एक जुना वाईस. काकांनी गाडी बघितली, धुळीचं रबर वर सरकवलं आणि शॉकअपमध्ये सरकणाऱ्या क्रोमच्या पाईपवरून सावकाश नख फिरवलं. एका जागी नख अडकलं. म्हणाले, "बाळा, सीलचा काय दोष, हा पाईप कानस झालाय, कितीही सील टाक, कापणारच." गंज खाऊन क्रोमला बारीक खड्डे पडले होते आणि शॉकअप दबला की सीलची ओठासारखी कडा दर वेळी त्यावरून घासत होती. एवढं साधं कारण मला आधी कोणीच सांगितलं नव्हतं.

मला सगळ्यात जास्त आवडलं ते म्हणजे त्यांनी उगाच खर्चात टाकलं नाही. उजव्या पाईपलाही गंज होता, पण तो वर, टीच्या (हँडलखाली दोन्ही पाईप धरून ठेवते ती) जवळ. काकांनी पाईपला दोरा बांधला, सीलच्या अगदी वर, आणि मला खड्ड्यातून एक चक्कर मारून यायला सांगितलं (लालबागमध्ये खड्डा शोधावा लागत नाही). दोरा जिथपर्यंत वर सरकला तिथपर्यंतच सील पोचतो, गंज त्याच्या बराच वर होता, म्हणून तो पाईप तसाच ठेवला. डावा मात्र उघडल्यावर काचेवर लोळवून वाकलाय का ते बघितलं, सरळ होता, मग जुना क्रोम काढून हार्ड क्रोम आणि ग्राइंडिंगला पाठवला. बाजारात नवीन पाईप मिळतात, पण काकांचं म्हणणं की स्वस्तातल्या पाईपचा क्रोम पातळ असतो आणि आपल्याकडच्या हवेत तो टिकत नाही. मला पटलं.

जोडताना मी तिथेच स्टूलवर बसून होतो. जुनं ऑईल निघालं ते राखाडी पाणी, उग्र वास, आणि उजेडात धरलं तर त्यात धातूची चमचम. दोन्ही बॉटम (पाईप ज्यात सरकतो त्या खालच्या नळ्या) रॉकेलने धुतले, खालच्या अ‍ॅलन बोल्टचं तांब्याचं वॉशर नवीन टाकलं. सील घालायच्या आधी पाईपच्या तोंडावर पातळ प्लास्टिकची पिशवी गुंडाळली, त्यावर ऑईल चोळलं आणि मग सील सरकवला, म्हणजे पाईपच्या धारेने नवीन सीलची कडा कापत नाही. आधीच्या ठिकाणी तोच सील स्क्रूड्रायव्हरने ठोकून बसवताना बघितलंय मी!

ऑईलपण मापाच्या डब्याने ओतून सोडून दिलं नाही. स्प्रिंग बाहेर, पाईप पूर्ण खाली दाबून, हवा निघेपर्यंत वरखाली करून मग स्टीलच्या पट्टीने वरच्या तोंडापासून ऑईल किती खाली आहे ते मोजलं, दोन्हीकडे अगदी सारखं. इंजिन ऑईल टाकू का विचारणाऱ्या एकाला तिथेच झापलं. आणि फोर्क ऑईलचं पण सांगितलं की डब्यावरच्या नंबरवर आंधळा विश्वास नको, दोन कंपन्यांचं एकाच नंबरचं ऑईल सारखं जाड असेलच असं नाही, त्यामुळे एकदा जमलं की कंपनी बदलू नको. शेवटी एक्सल आणि टीचे बोल्ट ढिले ठेवून शॉकअप चारपाच वेळा दाबले, मगच सगळं कसलं, नाहीतर शॉकअपचे दोन्ही पाय तिरके बसून शॉकअप अडकत चालतो.

आता गाडी सायनच्या पुलाखालच्या पेव्हर ब्लॉकवरून नेली तरी हँडल हातात मारत नाही, ब्रेक दाबला की तोंड खाली आपटत नाही. पूर्ण पावसाळा गेला, पाईप कोरडा आहे.

लेबर १२०० घेतलं, हार्ड क्रोम आणि पार्टचे वेगळे. नुसत्या सीलच्या मानाने महाग वाटेल, पण प्रत्येक रुपया वसूल आहे. तक्रार एकच, वेळ फार लागतो, पाईप क्रोमला गेला की गाडी तिथेच पडून राहते आणि काका फोन उचलत नाहीत, स्वतः जाऊनच विचारावं लागतं. पार्ट कुर्ल्याच्या सीएसटी रोडवरून स्वतः आणून दिले तरी चालतात, फक्त सील आधी त्यांना दाखवा, रबर कडक झालेला जुना स्टॉक ते परत पाठवतात. सकाळी लवकर जा, आणि गणपतीच्या दिवसांत जाऊच नका, लालबागमध्ये तेव्हा गाडी ढकलत न्यायलासुद्धा जागा नसते.