आवर्त की तिरीप? घाटातल्या चौकीसाठी बंदूक निवडताना

भाच्याने यंदा एकांकिका लिहायला घेतली आहे. काळ २०९५, स्थळ गोव्याच्या सीमेवरच्या चोर्ला घाटातली चौकी, महिना जून. पात्रं दोनच: एक मुरलेला हवालदार आणि एक नवा शिपाई. खर्डा वाचून दाखवता दाखवता तो मध्येच थांबला. "मामा, ह्यांच्या हातात बंदूक कोणती देऊ? लेझरच देतो, चालेल ना?"

मी उच्च माध्यमिकला पदार्थविज्ञान शिकवतो आणि गावच्या देवळातल्या नाटकांची प्रकाशयोजना सांभाळतो, त्यामुळे प्रश्न दोन्हीकडून माझ्याच अंगणात आला. भविष्यातलं युद्ध लिहिणाऱ्या प्रत्येकाला तो पडणार. म्हणून दोन काल्पनिक रायफली समोरासमोर ठेवतो. 'आवर्त' तांब्याच्या गुंडाळ्यांच्या चुंबकी ओढीने पोलादी गोळी फेकते. 'तिरीप' प्रकाशाचा झोत सोडते. माझा कौल आवर्तला आहे, आणि तो का, हे सांगायला थोडा वेळ घेणार आहे.

आवर्त कळायला एक खिळा पुरतो. मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून इनॅमलची तार आणून मी पेनाच्या रिकाम्या नळीवर दोनेकशे वेढे घालतो, नळीच्या तोंडाशी बारीक खिळा ठेवतो आणि सेलची जोडणी क्षणभर टेकवतो. खिळा सुर्रकन आत जातो. जोडणी टेकवूनच ठेवली तर मात्र तो बाहेर पडत नाही. मधोमध येऊन जरा मागेपुढे होतो आणि तिथेच अडकतो. गुंडाळीची ओढ नेहमी मध्याकडे असते. गोळी मध्य ओलांडून पुढे गेली की तीच ओढ तिला मागे खेचते. म्हणून गोळी मध्याला पोचायच्या आत मागची वीज तोडायची आणि पुढच्या गुंडाळीला द्यायची. जत्रेत पालखी या खांद्यावरून त्या खांद्यावर जाते तशी. आवर्तच्या नळीत अशा बारा गुंडाळ्या एकामागोमाग आहेत, आणि दर दोन गुंडाळ्यांमध्ये प्रकाशाची एक बारीक रेघ. गोळीने रेघ कापली की मागची गुंडाळी बंद, पुढची चालू. अर्ध्या मीटरची नळी आणि सेकंदाला ९०० मीटरचा शेवटचा वेग धरला, तर हा सगळा खेळ सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागात आटोपतो.

कल्पना नवी नाही. नॉर्वेच्या क्रिस्टियान बर्कलंड यांनी विद्युतचुंबकी तोफेचं पेटंट १९०१च्या सुमारास घेतलं होतं. १९०३ साली आजच्या ऑस्लोत, भरल्या सभागृहात, प्रयोग दाखवताना शॉर्टसर्किट झालं आणि विजेचा भलामोठा लोळ उठला. या जातीच्या बंदुकीचा स्वभाव तेव्हाच दिसला होता: वीज भरपूर लागते आणि ती एका क्षणात लागते.

हे आकड्यांत पाहू, कारण कथेला खरेपणा इथूनच येतो. आजच्या ५.५६ मिलिमीटरच्या रायफलीची चार ग्रॅमची गोळी सुमारे १,७०० जूल ऊर्जा घेऊन निघते. किलोभर लिथियम बॅटरीत सात ते नऊ लाख जूल मावतात. आवर्तने त्यातले ३० टक्के जरी गोळीत उतरवले (आजच्या हौशी प्रतिकृतींना हे साधत नाही, पण २०९५ला तेवढं देऊ या) तरी एका किलोत शंभरावर गोळ्या सुटतील. म्हणजे साठा ही अडचण नाही, घाई ही अडचण आहे. एका गोळीला सुमारे ५,७०० जूल लागतात, तेही सेकंदाच्या हजाराव्या भागात, आणि चांगली बॅटरी किलोमागे तीनेक किलोवॅटच देते, म्हणजे सेकंदाला तीनेक हजार जूल. मध्ये कपॅसिटर हवा. तो दोन सेकंद भरत राहतो आणि एका झटक्यात रिकामा होतो. आजच्या मापाने असा कपॅसिटर पाचेक किलोचा होईल. तो अर्ध्या किलोत बसतो, अशी आणखी एक थाप भाच्याला मारू द्यायची.

उष्णता मात्र थापेने जात नाही. दर गोळीमागे सुमारे ४,००० जूल गुंडाळ्यांतच मुरतात. लागोपाठ तीस गोळ्या झाडल्या तर तेवढ्याने किलोभर तांबं ३०० अंशांनी तापेल, म्हणजे इनॅमल जळून वेढे एकमेकांना चिकटतील. हवालदाराला हे ठाऊक असणार. शिपायाला नसणार.

आणि गोव्याचा जून. खाडीकाठच्या विजेच्या खांबांवर उन्हाळाभर खारं वारं इन्सुलेटरवर मिठाचा थर चढवतं आणि पहिल्या सरीला तिथे चर्र आवाज करत ठिणग्या उडतात. आवर्तचा कपॅसिटर शेकडो व्होल्टचा. किनाऱ्यावरून घाटात आलेल्या पलटणीने तो पुसून, सुकवून ठेवलाच पाहिजे. असा प्रसंग मुंबई-पुण्याच्या लेखकाला सहसा सुचणार नाही, आपल्या मुलाला सुचला पाहिजे.

एक चूक आधीच टाळा. भाच्याच्या खर्ड्यात डिचोलीच्या खाणीतले खडे घासून गोळ्या केल्या होत्या. गोव्याचं खनिज मुख्यतः हेमॅटाइट आहे आणि हेमॅटाइट लोहचुंबकाला फारशी दाद देत नाही. ते भट्टीतून काढून पोलाद केल्याशिवाय आवर्तच्या कामाचं नाही.

आता तिरीप. कागदावर ती फार देखणी आहे: धक्का नाही, गोळी नाही, वाऱ्याचा हिशोब नाही. पण गोळी आपलं काम क्षणात करते, झोताला एकाच ठिकाणी टिकून राहावं लागतं. २०२५च्या एप्रिलमध्ये डीआरडीओने कुर्नूलला ३० किलोवॅटच्या लेझरची चाचणी घेतली, ती यंत्रणा वाहनावर बसवलेली होती. तेवढ्या झोतामागे दुपटीएवढी उष्णता यंत्रात उरते असं धरलं, तर ती माणसाच्या खांद्यावर कुठे जिरवणार? त्यात चोर्ल्याचं धुकं. पाण्याचे थेंब प्रकाश विखरून टाकतात आणि झोत शंभर पावलांत मवाळ होतो. शिवाय असा शक्तिशाली झोत बहुधा अवरक्त (इन्फ्रारेड) असतो, तो डोळ्यांना दिसतच नाही. रंगमंचावर लाल रेघ दाखवाल ती विज्ञानाशी फारकत घेऊनच. शिवाय कायमचं आंधळं करण्यासाठीच बनवलेल्या लेझर शस्त्रांवर १९९५च्या आंतरराष्ट्रीय करारान्वये बंदी आहे. तुमच्या नाटकाचा विषयच हा अपराध असेल, तर तिरीप घ्या आणि मनापासून घ्या. तिथे आवर्तला काही बोलायला जागा नाही. कथा कोरड्या वाळवंटात किंवा अवकाशात असेल तरीही तिरीपच.

रेलगन, म्हणजे दोन रुळांतून वीज सोडून गोळी ढकलणारी तोफ, मी विचारातच घेतली नाही. अमेरिकी नौदलाने ३३ मेगाजूलपर्यंत मजल मारून २०२१मध्ये काम थांबवलं. ती जहाजाची गोष्ट आहे. पितळी कवच नसलेल्या काडतुसाची जी-११ रायफल जर्मनीत खरोखर बनली होती. पितळ बाहेर पडताना उष्णता घेऊन जातं, ते नाही म्हणून तापलेल्या नळीत काडतूस आपोआप उडण्याचा धोका. वेगळ्या नाटकाला छान विषय आहे.

मंचाच्या बाजूने सांगायचं तर आवर्तला आवाज देता येतो. बारुदाचा धमाका नाही, नळीतून ज्वाळा नाही, पण ध्वनीपेक्षा वेगाने जाणारी गोळी हवा फाडते, तो कडक चाबकासारखा फटका राहतोच. धक्काही राहतो, बारुदाच्या वायूचा वाटा वजा जाता. म्हणून नटाने खांदा मागे घ्यायचा, थोडाच. त्याआधी कपॅसिटर भरतानाची चढत जाणारी गुणगुण. प्रकाशवाल्याला नळीवरचे बारा दिवे एकेक करून लावता येतात. नरकासुर करणारी वाड्यावरची पोरं पीव्हीसीचा पाइप, तांब्याची तार आणि एलईडीची पट्टी एवढ्यात अशी रायफल दोन रात्रींत उभी करतील, आणि ती शेवटच्या रांगेतूनही ओळखू येईल.

भाच्याने परवा नवा खर्डा पाठवला. हवालदाराच्या प्रत्येक गोळीआधी कंसात 'दोन मोजतो' असं आहे. पहिल्या प्रवेशात पावसात काहीतरी हलतं, आणि शिपाई एकावरच चाप ओढतो.