चुंबकीय एक्स-रे स्कॅटरिंगचा ऑनलाइन कोर्स : पैसे वसूल!

एमएस्सीनंतर हा विषय (पदार्थावरून विखुरलेल्या एक्स-रेवरून त्यातली चुंबकीय रचना, म्हणजे अणूंचे छोटे चुंबक कसे मांडलेत ते, ओळखणं) सुटलाच होता, म्हणून घेतला कोर्स आणि खरंच भारी निघाला. इतिहासाचे दोन तास तर मी परत परत बघितले. चुंबकीय रचना बघायची म्हणजे पदार्थावर न्यूट्रॉनच सोडायचे, हे डोक्यात फिट बसलेलं, पण १९७० मध्ये प्लाट्झमन आणि झोअर यांनी एक्स-रे पण चालतील असं मांडलं आणि १९७२ मध्ये फ्रान्समधल्या ग्रेनोबलला द बर्जव्हॅ आणि ब्रुनेल यांनी निकेल ऑक्साइडवर ते करून दाखवलं, तेही साध्या एक्स-रे ट्यूबवर! सिग्नल इतका कमी की नुसतं मोजत बसायचं, काय पेशन्स असेल राव त्या माणसांचा. मग सिंक्रोट्रॉन (खूप प्रखर एक्स-रे देणारी मोठी यंत्रं) आले, होल्मियम या धातूवरचं काम झालं आणि १९८८ मध्ये एक्स-रेची एनर्जी होल्मियमच्या अ‍ॅब्सॉर्प्शन एजवर (ज्या एनर्जीला तो धातू एक्स-रे एकदम जास्त शोषायला लागतो तिथे) ट्यून केल्यावर सिग्नल जवळपास ५० पट वाढला, तो भाग सरांनी फळ्यावर इतका सोपा करून सांगितलाय की काय सांगू.

पोलरायझेशनचं (एक्स-रे लहरींच्या कंपनाच्या दिशेचं) गणित मात्र फार पळवलंय, तिथे दोनदा अडकले. आवाज पण मधेच बारीक होतो, हेडफोन लावूनच बघा. फिजिक्सवाल्यांनी नक्की घ्या.