कॅनव्हासचा डमी आणि २११.५ ची शिट्टी: काही महिने वापरल्यावर

आम्ही इंग्लंडमध्ये डर्बीशायरला राहतो. घरात काळी लॅब्रॅडॉर आहे, सव्वा वर्षाची. इकडे फेजंट या रानपक्ष्याच्या शिकारीचा हंगाम १ ऑक्टोबर ते १ फेब्रुवारी. पडलेले पक्षी शोधून आणायला कुत्री लागतात. तिलाही कधीतरी न्यावं म्हणून एक पौंडाचे (साधारण साडेचारशे ग्रॅम) कॅनव्हासचे तीन डमी (पक्ष्याऐवजी फेकून आणायला शिकवायचे भरीव गुंडाळे) आणि अ‍ॅक्मे कंपनीची २११.५ नंबरची शिट्टी घेतली.

शिट्टीला पैकीच्या पैकी. प्लास्टिकची आहे, आत गोळी नाही आणि स्वर नंबराप्रमाणे ठरलेला. हरवली तर त्याच नंबरची आणायची, कुत्रीला नव्यानं शिकवावं लागत नाही. मी वाजवो की मुलगा, हुकूम तोच. शिवाय माणूस वैतागलाय हे शिट्टीतून कळत नाही, आवाजातून लगेच कळतं! एक लांब फुंकर म्हणजे बस, चार-पाच छोट्या म्हणजे ये. ‘थांब’ असा वेगळा हुकूम इथले बरेच जाणकार देतच नाहीत. बस म्हटलं की पुढचं सांगेपर्यंत बसायचं.

डमीबद्दल थोडी कुरकुर आहे. टोकाला दोरी आणि गोटी असते. फेकायला ती बरी, पण कुत्री मधोमध धरायचं सोडून दोरीला धरते आणि डमी लोंबकळवत आणते. दोन डमींच्या दोऱ्या सरळ कापून टाकल्या. भिजलेला कॅनव्हास इथल्या हवेत लवकर वाळत नाही, कुबट वास धरतो. त्यामुळे सौभाग्यवतींच्या हुकमानं डमींचा मुक्काम शेडमध्ये. रंगही बघून घ्या. नारिंगी डमी गवतात आपल्याला उठून दिसतो, कुत्र्याला लाल-हिरव्यातला फरक फारसा कळत नाही. वास काढून शोधायला शिकवायचं असेल तर नारिंगी बरा. पडताना तिनं डोळ्यांनी टिपावा असं वाटत असेल तर काळा-पांढरा.

आता मुख्य गोष्ट. सांगितल्याशिवाय तिनं धावू नये म्हणून दहापैकी सात डमी मीच जाऊन उचलतो. तिला बसवायचं, डमी टाकायचा, चालत जाऊन आणायचा, परत तिच्या शेजारी उभं राहायचं. पहिल्या महिन्यात तिचे पुढचे पंजे थरथरायचे, घशातून बारीक कुईंकुईं निघायची, बूड जमिनीपासून बोटभर वर. अंगावर लांब दोरी असायची, म्हणून सुटली तरी डमीपर्यंत पोचायची नाही. ओरडायचं नाही, होती त्याच जागी नेऊन बसवायचं. आता डमी नाकासमोरून गेला तरी ती आधी माझ्याकडे बघते.

आणल्यावर डमी ओढून घेऊ नका. तोंडात राहू द्या, छातीवरून हात फिरवा, मग मागा. लगेच हिसकावला की पुढच्या वेळी ती लांबूनच वळसा घालते. आमच्याकडे पाहुणे आले की बागेत तिच्यासाठी टेनिसचा बॉल लागोपाठ फेकतात, आणि पुढचे दोन दिवस डमी हातातून सुटायच्या आधीच ती उठते. बॉल आता माळ्यावर आहे.

पिल्लू लहान असेल तर अर्ध्या पौंडाचा डमी घ्या, एक पौंडाचा त्याला जड जातो.