मागचे पाय गेलेल्या कुत्र्याची चाकगाडी: एक पावसाळा आणि एक हिवाळा वापरून

कण्याला मार बसलेल्या कुत्र्यासाठी व्हीलचेअर घ्यावी का, असं कुणी विचारलं की मी आधी विचारते, त्याची लघवी हाताने दाबून कोण काढतंय? त्याचं उत्तर पक्कं नसेल तर गाडीची घाई करू नका. गोट्यासाठी आम्ही दोन चाकांची, कमी-जास्त करता येणारी ॲल्युमिनियमची गाडी घेतली. ती मला मनापासून आवडली. पण गोट्या तगला तो गाडीमुळे नाही.

गोट्या पुण्यातल्या रस्त्यावरचा देशी कुत्रा, वजन साधारण 15 किलो. वाहनाच्या धडकेत छाती आणि कंबर जुळते तिथे कणा मोडला. कुत्र्याला छातीचे 13 आणि कमरेचे 7 मणके असतात. फासळ्यांनी बांधलेला ताठ भाग संपून लवचीक भाग सुरू होतो तिथेच अपघातात बऱ्याचदा मोड होते. डॉक्टरांनी मागच्या पायाचं बोट चिमट्याने जोरात दाबलं. पाय मागे ओढला गेला, आम्हाला हायसं वाटलं. पण गोट्याने ना मान वळवली, ना आवाज काढला. पाय ओढला जाणं ही खालच्या मज्जारज्जूची आपोआप होणारी क्रिया. दुखणं मेंदूपर्यंत पोचलं तरच कुत्रा वळून बघतो, कण्हतो किंवा चावायला येतो. ते नसेल तर पुन्हा चालण्याची आशा फार थोडी. हा फरक डॉक्टरांकडून नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्यावर ठरतं.

सुरुवातीचे सहा ते आठ आठवडे पिंजऱ्यात सक्तीची विश्रांती. त्या काळात गाडीचा विचारही नको. जाड गादी, दर काही तासांनी कूस बदलणं, डॉक्टर हो म्हणाले की पायांचे सांधे हलकेच वाकवणं-सरळ करणं, आणि लघवी. मूत्राशय आपणहून रिकामं होत नाही. थेंब थेंब गळतं म्हणून ते रिकामं आहे असं अजिबात नाही, उलट तुडुंब भरून सांडत असतं. मागच्या पायांच्या थोडं पुढे, पोटाच्या दोन्ही बाजूंनी तळवे लावले की पाण्याने भरलेल्या फुग्यासारखं काहीतरी हाताला लागतं. त्यावर हळूहळू, एकसारखा दाब. धसमुसळेपणा नाही. दिवसातून तीन-चार वेळा, सणवार असो की घरी पाहुणे. हे व्हिडिओ बघून येत नाही. डॉक्टरांनी आपला हात धरून दाखवावं लागतं. लघवी गढूळ झाली, वास बदलला, रक्त दिसलं की त्याच दिवशी तपासणी. कंबरेखाली संवेदना नसलेल्या कुत्र्याला जळजळ कळत नाही, त्यामुळे तो सांगणारही नाही.

आता गाडी. मापं तीन लागतात: छातीचा घेर, खांद्यापासून शेपटीच्या मुळापर्यंतची लांबी आणि जमिनीपासून जांघेपर्यंतची उंची. उंची घेताना कुत्र्याला कुणीतरी नीट उभं धरायला हवं, आडवं पडलेलं असताना घेतलेलं माप चुकतं. गाडीत पाठ जमिनीला समांतर हवी. मागची बाजू उचललेली राहिली तर सगळा भार पुढच्या पायांवर येतो आणि खांदे दुखतात. नर असेल तर पोटाचा पट्टा लिंगाच्या पुढे बसतो ना, हे बघाच. पहिले काही दिवस दहा-पंधरा मिनिटं पुरेत, आणि गाडी काढल्यावर जांघा, काखा, पायांच्या वरच्या बाजू तपासायच्या. केस गेलेले किंवा लाल चट्टा दिसला की पट्टा बदला. गाडीत कुत्र्याला नीट पडता येत नाही, म्हणून त्यात बांधून कामाला निघून जाणं हा सरळ छळ आहे.

पहिल्यांदा बाहेर नेलं तेव्हा गोट्या क्षणभर उभाच राहिला आणि मग विजेचा खांब गाठायला जो सुटला! सोसायटीच्या कुत्र्यांनी चाकं हुंगली, त्याला मात्र लगेच आपल्यात घेतलं.

त्रास पावसाळ्यात झाला. मांडीखालची गादी भिजली की वाळत नाही, वास मारते आणि ओल्या कातडीला जखमा होतात. दुसरी गादी बरोबरच मागवा. चाकांच्या बेअरिंगला गंज चढला, स्क्रू ढिले होत राहिले, पान्हा दाराशीच ठेवावा लागला. फुटपाथच्या कडेवर वळताना गाडी कलंडते, म्हणून फिरवायचा पट्टा हातात हवाच. घरात फरशीवर गाडी नकोच, दाराच्या चौकटीला अडते. पण घासत फिरताना पाय सोलू नयेत म्हणून जाड कापडाची पिशवी शिवून घातली. आधी पीव्हीसी पाइपची घरगुती गाडीही वापरून पाहिली होती. वाढत्या पिल्लाला किंवा तात्पुरत्या गरजेला ती चांगली, रोजच्या वापरात पाइपचे सांधे निखळतात.

गाडीचा सगळ्यात मोठा उपयोग गोट्यासाठी कायमचं घर शोधताना झाला. घासत जाणारा कुत्रा बघून लोक हळहळतात आणि फोन ठेवतात. धावणारा कुत्रा बघून भेटायला येतात. तरी आलेल्या प्रत्येकाला आम्ही हो म्हटलं नाही. जुन्नरकडच्या एका कुटुंबाला तो शेतावर राखणीला बाहेर ठेवायचा होता. बिबट्याच्या मुलखात पळू न शकणारा कुत्रा रात्री बाहेर? त्यांची माया खरी होती, पण आम्ही नको म्हटलं.

शेवटी वाईजवळच्या एक काकू आल्या. तळमजल्याचं घर, मातीचं अंगण. म्हणाल्या, “ताई, अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचं सगळं मीच केलंय. मला किळस नाही, फक्त हात शिकवा.” लघवी काढायला त्या आमच्याकडे राहून शिकल्या, त्यांचा मुलगाही शिकला. घरात किमान दोघांना ते यायलाच हवं, आमची ती अटच होती. मग काही आठवडे तात्पुरतं ठेवणं, त्यानंतर दत्तक देण्याचे कागद. गोट्याबरोबर एक्स-रे, रेबीज लसीचं कार्ड, औषधांची यादी, जादा गादी, पान्हा आणि जवळच्या जनावरांच्या डॉक्टरांशी आधीच झालेलं बोलणं, एवढं सगळं गेलं. आमच्याकडची पीव्हीसीची गाडी सांधे बदलून ठेवली आहे. 15 किलोच्या आसपासच्या कुत्र्याला आधी बसवून बघा आणि मगच ॲल्युमिनियमची मागवा.