बिल माझ्या नावावर, डोमेन त्याच्या नावावर

गोष्ट २००१ची. वणीकडल्या जिनिंगवाल्यांसाठी मी व्हिज्युअल बेसिक ६ मध्ये हिशोबाचं सॉफ्टवेअर लिहिलं होतं. काटापट्टी, आवक, क्विंटलमागं रुई किती, सरकी किती, गाठींचा स्टॉक. प्रोग्रॅम चालायला लागणाऱ्या रनटाइमच्या फायली धरून डेमो १.४४ एमबीच्या फ्लॉपीत मावेना, म्हणून वेबसाइट काढली. डोमेनसाठी, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्यासाठी, डॉलरमध्ये चालणारं क्रेडिट कार्ड लागे. ते आमच्या भागात कोणाकडं असणार? नागपूरचा एक ‘वेब कन्सल्टंट’ ती कामं करून देई. “काहून टेन्शन घेता भाऊ, मी आहो ना जी!” पैसे रोख घेतले, माझ्या फर्मच्या नावानं पक्कं बिल फाडलं.

डाव त्या बिलातच होता. डोमेनची मालकी बिलावर ठरत नाही. रजिस्ट्रारकडं, म्हणजे डोमेनची नोंदणी करणाऱ्या कंपनीकडं, ‘रजिस्ट्रंट’ म्हणून ज्याची नोंद, डोमेन त्याचं. तिथं या गृहस्थानं स्वतःचं नाव आणि ईमेल भरला होता.

डोमेनची मुदत संपेपर्यंत त्यानं चकार शब्द काढला नाही. तोवर फ्लॉपीच्या लेबलांवर, बिलबुकांवर, जिनिंगमधल्या कॅलेंडरांवर पत्ता छापून झाला. मग निघाला ‘ट्रान्सफर चार्ज’, मूळ रकमेच्या कित्येक पट. मी नाही म्हटल्यावर त्यानं पत्ता भलत्याच अकाउंटिंग पॅकेजकडं वळवला, तेही कापसाच्या ऐन हंगामात. गिऱ्हाइकांचे फोन सुरू: “भाऊ, तुमचं नवीन व्हर्जन लय वेगळं दिसते!” डोमेनच्या भांडणासाठी यूडीआरपीची, म्हणजे कोर्टाबाहेर पंचांकडं तक्रार नेण्याची, सोय १९९९पासून होती, पण वायपोत (बौद्धिक संपदेच्या जागतिक संस्थेत) एका पंचाची फी १,५०० डॉलर, म्हणजे तेव्हाचे जवळपास ७० हजार रुपये. त्यापेक्षा नवं डोमेन घेऊन जुन्या लेबलांवर चिकटपट्ट्या मारणं स्वस्त पडलं.

आज संत्र्याच्या बागायतदारांपासून शेतकरी कंपन्यांपर्यंत सगळेच ‘वेबसाइटवाल्या पोरा’कडून डोमेन घेतात, आणि हा प्रकार तसाच चालू आहे. आयकॅन या डोमेन-व्यवस्था बघणाऱ्या संस्थेच्या लुकअपवर (कोणाचं डोमेन ते शोधायच्या पानावर) नाव आता बहुतेक वेळा झाकलेलं असतं, त्यामुळं नुसतं तिथं बघून भागत नाही. रजिस्ट्रारचं खातं तुमच्याच ईमेलवर, तुमच्याच मोबाइलवर उघडून घ्या. शेवटचा हप्ता त्यानंतरच द्या. खातं त्याचंच असेल तर ऑथ-कोड, म्हणजे डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडं न्यायला लागणारा पासवर्ड, आत्ताच मागा. मुदत संपायची वाट बघू नका: मुदत संपलेलं डॉट कॉम रजिस्ट्रारनं डिलीट केल्यावर सोडवून घेण्याचे ३० दिवस मिळतात खरे, पण त्याचा दंड जबर असतो, आणि ती संधीही खातेदारालाच असते.