ग्रिनिचची बाटली : जहाज राहू द्या, आधी शिडं बघा

लंडनला ग्रिनिचमध्ये नॅशनल मेरिटाइम म्युझियमच्या पार्ककडच्या दाराशी एक अवाढव्य पारदर्शक बाटली आडवी ठेवली आहे. लांबी ४.७ मीटर, व्यास २.८ मीटर. आत ब्रिटिश नौसेनापती नेल्सनचं 'व्हिक्टरी' जहाज, मूळच्या एक तीसांश आकाराचं. ८० तोफा, ३७ शिडं, आणि ती शिडं १८०५ च्या ट्राफल्गारच्या आरमारी लढाईत होती तशीच उभारलेली. कलाकार यिंका शोनिबारे. बाटली उघड्यावर आहे, त्यामुळे तिकीट लागत नाही.

बहुतेक लोक 'अय्या, केवढी बाटली!' म्हणत फोटो काढून पुढे सरकतात. खरी गंमत शिडांवरच्या नक्षीत आहे. खऱ्या व्हिक्टरीची शिडं साधी होती, इथे मात्र भडक रंगांची नक्षी. कोणीही बघून 'आफ्रिकन' म्हणेल, आणि तिथेच फसेल. मूळ कला इंडोनेशियातल्या जावाची, म्हणजे आपल्याला ओळखीची बाटिक : मेण हाताने लावायचं, कापड रंगात बुडवायचं, मेण काढायचं. एकोणिसाव्या शतकात डचांनी हे काम यंत्रावर नेलं. मेणाच्या जागी राळ आली, ती रुळांनी कापडाच्या दोन्ही अंगांना लागायची. राळ वाळली की तडकायची, तड्यांत रंग शिरायचा आणि कापडभर बारीक शिरा उमटायच्या. जावातल्या गिऱ्हाइकाच्या लेखी हा माल डागी. पश्चिम आफ्रिकेत मात्र त्याच शिरांवर लोक भाळले. म्हणजे कला जावाची, कारखाना हॉलंडचा, बाजार आफ्रिकेचा. हा सगळा व्यापार ज्या समुद्रावरून चालला, त्यावर ब्रिटिशांची हुकमत पक्की करणाऱ्या जहाजालाच शोनिबारे यांनी ती नक्षी नेसवली आहे. लंडनमध्ये जन्मून नायजेरियातल्या लागोसला वाढलेल्या माणसाला हे सुचावं यात नवल नाही. शिवाय ब्रिटिश राजसत्तेने दिलेला सीबीई ('कमांडर ऑफ द ऑर्डर ऑफ द ब्रिटिश एम्पायर') हा किताब ते नावापुढे आवर्जून लावतात. हा मिश्कीलपणा लक्षात घेतला की शिडं अजून मजेदार दिसतात.

तक्रार एकच, पण मोठी आहे. २०१० पासून २०१२ च्या सुरुवातीपर्यंत ही बाटली लंडनच्याच ट्राफल्गार चौकातल्या चौथ्या चौथऱ्यावर (तिथे आळीपाळीने कलाकृती ठेवतात) होती, खांबावरच्या नेल्सनच्या पुतळ्याजवळ. टोमणा तिथे नेमका लागायचा. लोकवर्गणीतून ती ग्रिनिचला कायमची आली हे उत्तमच, पण इथे जवळ नेल्सनचा खांब नाही. घाईत बघणाऱ्याला ती बागेतली शोभेची वस्तू वाटू शकते.

उन्हात बाटलीवर आभाळ आणि तुम्हीच दिसता, शिडं दिसत नाहीत. ढगाळ दिवस गाठा, नाहीतर अंगाची सावली पाडून बघा. फोटो काढताना फोन बाटलीच्या जितका जवळ नेता येईल तितका न्या आणि फ्लॅश बंद ठेवा. एका बाजूने बघून निघू नका, पूर्ण फेरी मारा : नाळेकडून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाकडून, शिडं एकावर एक चढतात, बाजूने प्रत्येकीची नक्षी सुटी होते. वीस मिनिटं पुरतात. कटी सार्क स्टेशनवरून चालत येता येतं.

आणि क्रम उलटा करा. आधी आत जा, म्युझियमलाही प्रवेश फुकट आहे. ट्राफल्गारच्या दिवशी नेल्सनच्या अंगात होता तो कोट तिथे ठेवलाय, डाव्या खांद्यावर गोळीचं भोक दिसतं. ते बघून मग बाहेर बाटलीपाशी या.